साडेपाच मिनिटे

मी एक जुनी टोचणी आहे. मित्रांनो, तुमच्यापैकी बहुतेकांनी मला कधी पाहिले नसेल, आणि पाहिले असते तरी ओळखले नसते. मुठीत मावेल एवढी एक लाकडी डबी म्हणजे मी. वर बशीसारखा खोलगट भाग, त्याच्या मधोमध एक बारीक भोक, आणि भोकाखाली दडून बसलेली सुई. अंड्याची बोथट बाजू या बशीवर टेकवून हलकेच दाबली की खालची स्प्रिंग दबते, सुई वर येते, टक् असा आवाज होतो आणि सुई पुन्हा खाली जाते. अंड्याला एक भोक पडते, चटकन दिसणारही नाही इतके लहान. मग अंडे उकळत्या पाण्यात जाते आणि मी फडताळात.

तुम्ही विचाराल, अंड्याला टोचायचे कशाला? बोथट टोकापाशी कवचाच्या आत हवेचा एक छोटा कप्पा असतो. गरम पाण्यात ती हवा फुगते आणि बाहेर पडायला वाट शोधते. वाट मिळाली नाही तर कवचाला तडा जातो. ती वाट मी करून देते. निदान मला घडवणाऱ्या कातार्‍याचे तरी तसे म्हणणे होते, आणि मी त्यावर पुष्कळ वर्षे विश्वास ठेवला.

तो कातारी ओडेनवाल्डच्या जंगलात राहायचा. खुर्च्यांचे पाय आणि जिन्यांचे कठडे कातून उरलेल्या लाकडाच्या तुकड्यांतून तो आम्हा टोचण्यांना घडवायचा. मी बीच नावाच्या झाडाच्या लाकडाची. आमच्यातली प्रत्येक जण नीट टोचते की नाही हे तो स्वतः तपासायचा, आणि तेही एकाच अंड्यावर. संध्याकाळपर्यंत त्या बिचाऱ्या अंड्याची चाळणी होई आणि त्याची बायको ते धिरड्यात घाली. माझी पाळी आली तेव्हा त्याने मला कानाशी धरून दोनदा दाबले आणि म्हणाला, "हिचा आवाज चांगला आहे." माझ्या आयुष्यात मला मिळालेली ही पहिली शाबासकी.

मी उत्तर समुद्राच्या काठी पोहोचले ती लग्नाची भेट म्हणून. समुद्र अडवणाऱ्या बांधाच्या आडोशाला एक गाव होते. तिथे ओक्का नावाच्या मुलीचे लग्न फोल्कर्टशी झाले आणि तिच्या आत्याने मला रंगीत कागदात गुंडाळून दिले. फोल्कर्ट समुद्राच्या दरवाज्यांवर नोकरीला होता. भरती आली की दरवाजे बंद करायचे, ओहोटी लागली की उघडायचे आणि शेतांतले साचलेले पाणी समुद्रात सोडायचे, हे त्याचे काम. दरवाज्यापाशी आकडे कोरलेली एक पट्टी पाण्यात उभी असे. तिच्यावर पाण्याची उंची वाचायची आणि वहीत लिहायची, सेंटीमीटर न चुकवता. त्यांचे गाव समुद्राच्या पातळीपेक्षा चाळीस सेंटीमीटर खाली होते. पाहुणा कोट काढून खुंटीला लावायच्या आत फोल्कर्ट त्याला हे सांगत असे.

शनिवारी संध्याकाळी ओक्का उद्याची अंडी एका निळ्या वाडग्यात काढून ठेवी आणि ज्याच्या त्याच्याकडे बघून एकच शब्द विचारी.

"किती?"

म्हणजे किती मिनिटे. त्या घरात रविवारची न्याहारी म्हणजे उकडलेले अंडे, आणि कुणाचे अंडे किती मिनिटांचे हे ज्याचे त्याने ठरवायचे. फोल्कर्टचे साडेपाच. पांढरे घट्ट, पिवळे मधासारखे. ओक्काला स्वतःला सात लागत. पाद्रीबुवा न्याहारीला आले की त्यांचे चार. उरलेले ते पावाने पुसून घेत. ओक्का तो आकडा अंड्यावर पेन्सिलीने लिहून ठेवी. पेन्सिल फोल्कर्टचीच, दरवाज्यावरच्या वहीला सुतळीने बांधलेली.

"ओक्का, सुतळी आहे, पेन्सिल नाही," तो म्हणे.

"मग सुतळीनं लिही," ती म्हणे.

सकाळी पाणी खळखळू लागले की ती मला फडताळातून काढी. एकेक अंडे माझ्यावर टेकवी आणि टोचताना ज्याचे अंडे त्याचे नाव घेई. मोठ्याने नाही, स्वतःशीच. "फोल्कर्ट." टक्. "ओक्का." टक्. तिला ही सवय कुणी लावली ते मला माहीत नाही. पण मित्रांनो, मला त्या घरातली सगळी माणसे अशीच कळली, आधी नावाने आणि मग वजनाने. सर्वांत जास्त मिनिटांचे अंडे पाण्यात आधी जाई, कमी मिनिटांचे मागून, म्हणजे सगळी एकदमच बाहेर निघत. वर थंड पाण्याचा एक हबका, आणि मग प्रत्येक अंड्याच्या डोक्यावर, गरम राहावे म्हणून, लोकरीची विणलेली टोपी.

पुढे तिसरे नाव आले. "वीब्के." टक्. ओक्का आणि फोल्कर्टची ही एकुलती एक मुलगी. तिचे आकडे मला पाठ आहेत. चार वर्षांची असताना दहा, कारण पिवळे वाहिले की ती रडायची. नऊ वर्षांची झाली आणि एकदम साडेपाचवर आली, वडिलांसारखे. पंधराव्या वर्षी म्हणाली, मला अंडेच नको. ओक्काने वाद घातला नाही. शनिवारी विचारायची तेवढे विचारत राहिली. "किती?" "नको." "बरं." असे सात महिने चालले. आठव्या महिन्यात एका शनिवारी वीब्के जिन्यावरूनच ओरडली, "सहा!" तेव्हापासून सहाच. ती शिकायला गेली, नोकरीला लागली, दूर आल्प्सच्या डोंगरात एका गावातल्या रेल्वे स्टेशनात तिकीटखिडकीवर बसू लागली. नाताळात घरी आली की ओक्का दारातच विचारी, "किती?" आणि वीब्के ओली पायताणे काढता काढता म्हणे, "सहा." बाकीची विचारपूस मग चहाबरोबर व्हायची.

आता मला माझ्या वाईट दिवसांबद्दलही सांगितले पाहिजे.

एके दिवशी वर्तमानपत्रात छापून आले की अंड्याला टोचण्याचा काही उपयोग नाही. टोचले काय, न टोचले काय, फुटायचे ते फुटतेच. फोल्कर्टने ते वाचले आणि चष्मा पुसून पुन्हा वाचले. तो आकड्यांचा माणूस. त्याने तो सबंध हिवाळा प्रयोग केला. निम्मी अंडी टोचायची, निम्मी तशीच. आपली पुरली नाहीत तेव्हा शेजाऱ्यांची न्याहारीही त्याने आमच्या स्वयंपाकघरात उकडून दिली. मार्चमध्ये त्याने वही ओक्कासमोर ठेवली.

"हे बघ. टोचलेली पन्नास, त्यातली फुटली चार. न टोचलेली पन्नास, त्यातलीही फुटली चार."

"बरं."

"बरं काय? तुझी टोचणी काही कामाची नाही, असा त्याचा अर्थ."

"तू दर रविवारी टाय बांधून चर्चमध्ये जातोस आणि झोपतोस," ओक्का म्हणाली. "मी कधी वही काढली?"

ती हसली आणि तिने मला तिथल्या तिथे पुसून फडताळात ठेवले. पण त्या रात्री मी पुष्कळ विचार केला. आपण एवढी वर्षे मन लावून केलेले काम केले नसते तरी चालले असते, हे ऐकणे सोपे नसते. पुढच्या रविवारी ओक्काने मला नेहमीसारखे काढले, "फोल्कर्ट" म्हणाली आणि टोचले. तो समोरच बसला होता. त्याने काही म्हटले नाही. मीही टक् करण्यापलीकडे काही म्हटले नाही.

मग फोल्कर्टच्या बहिणीने विजेवर चालणारे एक यंत्र भेट दिले. त्यात सहा अंडी एकदम ठेवायची, पाणी ओतायचे, झाले की ते भोंगा वाजवी. त्याच्या पाणी मोजायच्या पेल्याच्या बुडाला स्वतःची सुईसुद्धा होती! मला वाटले, आता माझे दिवस भरले. पण ते यंत्र सगळी अंडी एकसारखी करी. ओक्काने ते दोन रविवार वापरले. "हे कुणाला काही विचारतच नाही," म्हणाली, आणि तिने ते माळ्यावर टाकले.

अशी शेहेचाळीस वर्षे गेली. माझ्यावरचे रोगण उडाले. सुई एकदा गंजली ती फोल्कर्टनेच दगडावर घासून लख्ख केली. मी उपयोगाची नाही असे म्हणणाऱ्यानेच मला धार लावली, हे मी विसरले नाही.

ओक्का ऑक्टोबरात गेली. शनिवारी संध्याकाळी तिने नेहमीप्रमाणे दोन अंडी निळ्या वाडग्यात काढली. एकावर साडेपाच लिहिले, एकावर सात. पेन्सिल कपाटाच्या कडेवर ठेवली. रविवारी सकाळी ती उठली नाही.

वीब्के दुसऱ्या दिवशी पोहोचली. या वेळी दारात तिला कुणी काही विचारले नाही. घरात माणसे आली, केक आले, फुले आली, काळे कोट आले आणि गेले. वाडगा होता तिथेच होता. फोल्कर्ट त्याला हात लावू देत नव्हता. चहा सोडून तो काही घेतही नव्हता. नवव्या दिवशी वीब्के वाडग्यासमोर उभी राहिली.

"बाबा, ही खराब होतील."

"होऊ देत."

"घाण वास येईल."

"येऊ दे."

वीब्केने बाह्या वर सारल्या. मग तिने मला फडताळातून काढले. साडेपाचचे अंडे हातात घेतले आणि त्याची बोथट बाजू माझ्यावर टेकवून एकमेकांना लागून पाच-सहा भोके पाडली, मग ते उलटे केले आणि टोकाची बाजू टेकवली. मित्रांनो, टोकाच्या बाजूला मी जन्मात कधी टोचले नव्हते. तिकडे कवच जाड असते. मी जमेल तेवढी सरळ राहिले. मग तिने अंडे ओठांशी धरले आणि फुंकले. ईस्टरला रंगवायची अंडी मुले रिकामी करतात ना, तसे. आतले सगळे हळूहळू भांड्यात उतरले आणि हातात राहिले ते नुसते कवच, पिसासारखे हलके, त्यावर ओक्काच्या हातचा आकडा. दुसऱ्याचेही तिने तसेच केले.

फोल्कर्ट बघत होता. वीब्केने भांड्यात जमलेले फेटले, तव्यावर लोणी टाकून परतले आणि बशी त्याच्यासमोर ठेवली. त्याने ती बराच वेळ पाहिली आणि मग संपवली. नऊ दिवसांत त्याचे पहिले जेवण ते.

हिवाळा सरेपर्यंत त्याने आपल्याकडे राहावे असे वीब्केने ठरवले. चहाच्या पत्र्याच्या डब्यात दोन कवचे, प्रत्येक आपापल्या लोकरी टोपीत, आणि मधल्या जागेत मी, असा आमचा प्रवास झाला. तीन गाड्या बदलल्या. शेवटची लाल गाडी बोगद्यांतून वळसे घेत घेत डोंगर चढली. आम्ही उतरलो तेव्हा डबा फोल्कर्टच्या काखेत होता, म्हणून मला सगळे ऐकू आले.

"ही पाटी कसली?" त्याने विचारले.

"स्टेशनाची उंची. समुद्रापासून एक हजार सातशे पंच्याहत्तर मीटर."

"शहाणी माणसं," फोल्कर्ट म्हणाला. "आमच्याकडे ही पाटी लावायची तर आधी खड्डा खणावा लागेल."

वीब्के हसली. मला वाटले, आता सगळे ठीक होईल.

पहिल्या रविवारी फोल्कर्ट स्वतः चुलीपाशी उभा राहिला. प्रयोगाचा तो एक हिवाळा सोडला, तर त्याने आयुष्यात अंडे उकडले नव्हते. पण शेहेचाळीस वर्षे समोर बसून पाहिले होते. त्याने साडेपाचचे कवच टोपीतून काढून खिडकीत ठेवले. अंडे माझ्यावर टोचले, नाव न घेता. पाणी खळखळल्यावर चमच्याने अलगद सोडले आणि दरवाज्यावरच्या नोकरीतले मनगटी घड्याळ हातात धरून बरोबर साडेपाच मिनिटे मोजली. थंड पाणी, टोपी, शिंगाचा चमचा. कवचाचा माथा त्याने टकटक करून उघडला.

आत पांढरेसुद्धा धड झालेले नव्हते. शेंबडासारखे लोंबत होते.

त्याने अंडे बाजूला सारले. पाव खाल्ला आणि उठला. दुसऱ्या रविवारी त्याने घड्याळाचा सेल बदलून आणला. तिसऱ्या रविवारी अंडी आदल्या रात्रीच शीतकपाटातून बाहेर काढून ठेवली. चौथ्या रविवारी त्याने कोंबड्यांना दोष दिला. अंडी शेजारच्या मेंगियाबाईंकडून येत. त्या सत्तरीतल्या, एकट्या राहणाऱ्या, अकरा कोंबड्यांच्या मालकीण. प्रत्येक रविवारी अंडे तसेच, कच्चे आणि लोंबते. आणि वीब्के? ती डोंगर चढायला जाताना अंडी कडक उकडून डब्यात नेत असे, बारा मिनिटे की पंधरा, तिने कधी मोजली नव्हती. मिनिटे मोजलेले अंडे तिने फक्त आईच्या टेबलावर खाल्ले होते. तिलाही काही कळेना.

"बाबा, सहा ठेवून बघ ना. नाहीतर साडेसहा."

"तिनं साडेपाच लिहिलंय."

"हो, पण..."

"साडेपाच लिहिलंय, वीब्के."

त्याचा आवाज चढला नव्हता. त्यामुळेच तिने विषय तिथेच सोडला.

सहाव्या रविवारी त्याने अंडे उघडले, पाहिले आणि चमचा खाली ठेवला. मग खिडकीतले कवच उचलून टोपीत घातले आणि डब्यात ठेवले. मलाही शेजारी ठेवले.

"मला पुढच्या आठवड्यात घरी सोड," तो म्हणाला. "घड्याळ बरोबर आहे, पाणी उकळतंय, लिहिलंय तसं करतोय. म्हणजे बिघडलंय ते माझ्यातच. ते तुझ्यासमोर कशाला."

"आणि घरी काय खाशील?"

"चहा आहे."

वीब्के नळापाशी पाठमोरी उभी होती. नळ चालू होता आणि तिच्या हातात धुवायला काहीच नव्हते. आई गेल्यावर तिने चार दिवस रजा घेतली होती आणि पुढे वडिलांसाठी आणखी सहा. अकराव्या दिवसापासून ती तिकीटखिडकीत बसून लोकांना गाड्यांच्या वेळा सांगत होती. मी डब्यात होते, झाकण अर्धे उघडे होते. मला एवढेच समजले, की हा माणूस त्या घरी एकटा परत गेला तर तो पुन्हा जेवणार नाही, आणि हे तिलाही समजले आहे.

त्याच वेळी दार वाजले. मेंगियाबाई अंडी घेऊन आत आल्या होत्या, बूट आपटून बर्फ झाडत.

"माझ्या कोंबड्यांबद्दल काय बोललात म्हणे तुम्ही?" त्या थेट फोल्कर्टला म्हणाल्या. "दूधवाल्याला म्हणालात. गावभर झालंय."

फोल्कर्टने समोरचे अंडे त्यांच्याकडे सरकवले. "कच्ची राहतात."

"अंडं कच्चं राहतं ते कोंबडीमुळे? मग चहात साखर कमी पडली तर गायीला दम भरता का? किती वेळ ठेवता?"

"साडेपाच मिनिटं. उकळत्या पाण्यात. सोडल्या सेकंदापासून."

"कुठली साडेपाच?"

"कुठली म्हणजे?"

"खालची की वरची?"

वीब्केने नळ बंद केला.

"अहो, इथलं पाणी उतावळं," मेंगियाबाई खुर्ची ओढून बसल्या. "खालच्यापेक्षा आधी उकळतं, पण पुरेसं तापलेलं नसतंच. नुसता खळखळाट. वर हवा विरळ, पाण्याला दाबून कोण ठेवणार? खालची माणसं येतात ती दर हिवाळ्यात हेच करतात आणि मग माझ्या कोंबड्यांना नावं ठेवतात. आम्ही एक मिनिट जास्त ठेवतो. सगळ्याच अंड्यांना. आणि स्टेशनावर एवढी मोठी पाटी लावलीय ती काय शोभेला?"

मित्रांनो, एकेचाळीस वर्षे ज्याने उंची वाचण्याखेरीज दुसरे काम केले नाही, पाण्याची उंची ज्याच्या वहीत कधी एका बोटानेही चुकली नाही, तो माणूस पाटीखालून चालत आला होता आणि तिच्यावर विनोद करून पुढे गेला होता. मग त्याच्या खांद्यांपासून हसू वर आले. मला तर वाटले, त्याला ठसका लागला.

"एक हजार सातशे पंच्याहत्तर मीटर," तो म्हणाला. "आणि चाळीस सेंटीमीटर."

"चाळीस कुठले?"

"आमचं गाव तेवढं खाली आहे."

"असेल, असेल," मेंगियाबाई म्हणाल्या. "चाळीस सेंटीमीटरचं काही नाही हो."

फोल्कर्टने डबा उघडला, टोपी बाजूला केली आणि कवच तळहातावर घेतले. "म्हणजे ती बरोबरच होती."

"कोण?"

"माझी बायको."

मेंगियाबाईंनी टोपलीतून तीन अंडी काढली आणि पुसून टेबलावर ठेवली.

फोल्कर्टने भांड्यात नवे पाणी ठेवले. खिशातून पेन्सिल काढली. ती सुतळीवाली, अजून त्याच्याजवळ होती. मेंगियाबाईंकडे बघून त्याने विचारले, "किती?"

"सात. वरची. मला हिशेब नका शिकवू."

त्याने त्यांच्या अंड्यावर सात लिहिले. आपल्या अंड्यावर त्याने साडेसहा लिहिले नाही. साडेपाच लिहिले, आणि पुढे अधिकचे चिन्ह काढून एक. मग तो वळला.

"किती?"

वीब्के कपडा घेऊन एक कप पुसत होती. तो कप केव्हाच कोरडा झालेला होता. तिने तो टेबलावर ठेवला, पुन्हा उचलला आणि दुसरीकडे ठेवला.

"सहा," ती म्हणाली. मग तिने पुढे जोडले, "खालची."

सहा अधिक एक, फोल्कर्टने लिहिले.

पाणी खळखळू लागले. त्याने मला डब्यातून काढून फडक्याने पुसले.

"हे काय खेळणं?" मेंगियाबाईंनी विचारले.

"टोचणी. अंड्याला आधी टोचायचं."

"आम्ही नाही टोचत. टोचल्यावर फुटत नाहीत?"

"फुटतात. न टोचलेली फुटतात तेवढीच. मी मोजलंय."

"मग कशाला टोचता?"

फोल्कर्टने थोडा विचार केला. माझा श्वास, असलाच तर, अडकला होता.

"टोचायचं असतं," तो म्हणाला. "तुमचं पहिलं नाव काय?"

"दीड महिना माझी अंडी खाताय आणि नाव आज विचारताय? मेंगिया हेच पहिलं. आडनाव तुम्ही विचारलंच नाहीत."

"टोचताना लागतं," तो म्हणाला. त्याने त्यांचे अंडे माझ्यावर टेकवले. "मेंगिया." टक्. मग आपले घेतले आणि स्वतःचे नाव उच्चारताना जरासा ओशाळला. "फोल्कर्ट." टक्. मग तिसरे.

"वीब्के."

टक्.

मला घडवणारा कातारी म्हणाला होता की माझा आवाज चांगला आहे. त्या दिवशी मला पहिल्यांदा ते खरे वाटले.

सातवाली दोन अंडी आधी गेली, फोल्कर्टचे अर्ध्या मिनिटाने. पाचव्या मिनिटाला मेंगियाबाईंच्या अंड्याला तडा गेला आणि पांढरी शेपटी पाण्यात तरंगू लागली.

"हे बघा, टोचूनही फुटलं!" त्या टाळी वाजवत म्हणाल्या.

"टोचलेली फुटली पाच," फोल्कर्ट म्हणाला. "न टोचलेली अजून चारच." आणि तरीही त्याने मला हातातून खाली ठेवले नाही.

मग थंड पाणी, टोप्या आणि शिंगाचे चमचे. फोल्कर्टने माथा उघडला. पांढरे घट्ट होते. पिवळे चमच्यावर सावकाश आले, मध येतो तसे.

"हं," तो म्हणाला. त्याच्या गावाकडे यापेक्षा मोठी स्तुती करत नाहीत.

वीब्केने आपले अंडे अगदी हळू खाल्ले. कवचाच्या बुडाशी चमचा लागेपर्यंत तिने ते खरवडून घेतले. मग तिने रिकामे कवच उलटे करून अंड्याच्या छोट्या पेल्यात ठेवले. लहान असताना ती असेच करी, आईला फसवायला, जणू अंडे अजून शिल्लकच आहे. फोल्कर्टने चमच्याने त्यावर एकदा वाजवले आणि दचकल्यासारखे केले. ओक्का तसेच करायची.

फोल्कर्ट पुढच्या आठवड्यात घरी गेला नाही. बर्फ वितळल्यावर गेला, आणि मला इथेच ठेवून गेला. "इथे फुटायला अंडी जास्त आहेत," म्हणाला. तिकडे तो आता न टोचता साडेपाच मिनिटांचे अंडे करतो. दर रविवारी वीब्केला फोन येतो आणि पहिला शब्द कुठला असतो ते तुम्हाला आता सांगायला नको. ईस्टरला इकडच्या रिवाजाप्रमाणे पाने न फुटलेल्या एका फांदीवर वीब्केने ओक्काची दोन्ही कवचे दोऱ्याने टांगली, साडेपाच आणि सात. ती अजून तिथेच आहेत, दार उघडले की वाऱ्याने हलतात. मी त्यांच्या खालच्या फळीवर असते.

मित्रांनो, मी उपयोगाची आहे की नाही, हे मला आजही माहीत नाही. आकडे माझ्या बाजूचे नाहीत, हे मी तुमच्यापासून लपवलेले नाही. पण तुमच्या घरी माझ्यासारखी एखादी जुनी वस्तू फडताळाच्या कोपऱ्यात पडली असेल, तर ती टाकून देण्याआधी तिला कोण कसे हातात धरत असे, तेवढे एकदा आठवून पाहा. आणि पुढच्या वेळी कुणासाठी अंडे उकळत ठेवाल, तेव्हा त्याच्याकडे बघून आधी विचारा, किती? उत्तर यायला वेळ लागला तरी थांबा. पाणी थांबते तेवढे.